आरवाडेवहिनींनी बांधलेल्या कड्या

सुनीती आरवाडे यांना दत्तात्रय बोरकर किती ओळखत होते, असं कोणी विचारलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. तसं विचारलंही गेलं. वैशाखात वहिनी गेल्या. मराठी मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. कोणीतरी म्हणालं, "बोरकरसाहेब, तुम्ही शेवटी शेवटी त्यांच्याकडे बरेचदा जात होता. दोन शब्द बोला." बोरकर उठले, चष्मा काढला, पुन्हा लावला, "फार चांगल्या होत्या" एवढं म्हणाले आणि खाली बसले.

मग बाकीचे बोलले. वहिनी शब्दकोडी पेनानेच सोडवायच्या. कॉलनीतल्या चार मुलांना त्यांनी मराठी वाचायला शिकवलं. हसायच्या तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. बोरकर मान खाली घालून ऐकत राहिले. यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एका हिवाळ्यात ते त्यांच्या घरी अकरा वेळा गेले होते, पण वहिनींना मोठ्याने हसताना त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांना माहीत होते ते फक्त वहिनींचे हात, आणि तेही कोपरापर्यंत. शेवटचं बोलणं चैत्रात फोनवर झालं. त्यानंतर फोन करावा असं त्यांच्या मनात पुष्कळदा आलं. पण काम तर झालं होतं, आता कशाच्या निमित्ताने करायचा, या विचारात महिना गेला.

काम होतं मासे पकडायच्या काठीचं.

बोरकर मूळचे भंडाऱ्याचे. तलावांच्या जिल्ह्यात जन्मलेला माणूस पाण्यापासून लांब राहत नाही. रेल्वेत इंजिनिअर म्हणून देशभर रूळ टाकले, निवृत्त झाल्यावर लखनौत अलीगंजला घर केलं, पण जिथे जातील तिथे रविवारी त्यांना तळं सापडायचंच. त्यांचा आवडता मासा मरळ. पाणवनस्पतींच्या खाली दबा धरून बसणारा, दांडगा, रागीट. त्याच्यासाठी रबराचा नकली बेडूक पाण्यावर फेकायचा आणि उड्या मारत ओढत आणायचा. फेकायचं उजव्या हाताने. मग काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्याने रीळ फिरवायचं. पन्नास वर्षं असंच चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा वाचली, पाय सुधारला, डावा हात मात्र अर्धाच परत आला. बोटं मिटायची, पण मिटलेली राहायची नाहीत. वर्षभर रबरी चेंडू दाबून झाल्यावर ते एकदा रायबरेली रोडच्या पुढच्या एका खासगी तलावावर गेले. फेक छान झाली. मरळही लागली. आणि काठी डाव्या हातात गर्रकन उलटी फिरली. वरचं रीळ आणि दोरीच्या कड्या खाली, मूठ सुटली. काठी पाण्यात गेली. तलावाच्या राखणदाराने ती बांबूने ओढून बाहेर काढली आणि म्हणाला, "बाबूजी, अब छोड़िए ये सब. घर पर आराम कीजिए."

घरी आल्यावर मुलीने, ऋताने, विचारलं, "पापा, कैसा रहा?"

"ठीक," ते म्हणाले आणि काठी पलंगाखाली सरकवून दिली.

ऋता जानकीपुरमला प्रयोगशाळेत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तिने पलंगाखालची काठी महिनाभर पाहिली आणि मग तीच म्हणाली, "वो तेलीबाग वाली आंटी हैं ना, आरवाडे आंटी? मंडल में सब कहते हैं रॉड बनाती हैं. एक बार दिखा तो दो."

"बाई माणूस काय रॉड बनवणार?"

"पापा! किस ज़माने में हो?"

ते गेले. जाताना त्यांच्या मनात फार काही आशा नव्हती, पण एक गोष्ट त्यांना हवी होती. ती त्यांनी ऋतालाही सांगितली नव्हती. एक मरळ, एकच, कोणी मागून हात न लावता, आपल्या डाव्या हाताने धरून काठावर आणायची.

वहिनींचं घर दुसऱ्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलावर दोन लाकडी ठोकळे, त्यांना वर खाचा पाडलेल्या, आणि त्या खाचांत एक काळी बिनकड्यांची काठी आडवी ठेवलेली. बाजूला दोऱ्याची रिळं, एक कानस, आणि वाटीत लहान-मोठ्या कड्या. काठीवर या कड्या बांधलेल्या असतात, त्यांतून दोरी, म्हणजे तंगूस, रिळापासून शेंड्यापर्यंत जाते. कोळी लोक याला काय म्हणतात कोण जाणे, शौकीन लोक गाइड म्हणतात. वहिनी कड्याच म्हणायच्या.

"हे कुठे शिकलात?" बोरकरांनी विचारलं. एवढंच वैयक्तिक त्यांनी त्या अकरा भेटींत विचारलं असेल.

"मिरजेला. म्हणजे काठ्या नाही, सतारी. आमचे वडील सतारी दुरुस्त करायचे. मी आठ वर्षांची असल्यापासून पडदे बांधते." त्यांनी दोऱ्याचं टोक जिभेने ओलं केलं. "सतारीचे पडदे खिळ्याने ठोकत नाहीत, दोऱ्यानं बांधतात. लागेल तसे सरकवता आले पाहिजेत. इथं बदली होऊन आलो तेव्हा गाणं शिकणाऱ्या मुलांच्या सतारी यायच्या माझ्याकडं. मग ह्यांच्या बँकेतल्या एका साहेबाची काठी मोडली. ह्यांनी सांगितलं, आमची बायको दोऱ्याचं काम करते. झालं. साहेबानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला."

"म्हणजे तुम्हीही मासेमारी..."

"छे हो! मी मासा खात पण नाही. आजवर एकही काठी पाण्यावर पाहिलेली नाही." हे त्या अगदी सहज बोलल्या. "तुमचं काय ते सांगा."

बोरकरांनी सांगितलं. म्हणजे अर्धवट सांगितलं. हात जरा कमजोर आहे, काठी जरा फिरते. वहिनींनी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

"धरा."

"काय?"

"डाव्या हातानं धरा. घट्ट."

त्यांनी एक टोक धरलं. दुसरं टोक वहिनींनी धरलं आणि हळूहळू पिळायला लागल्या. लाटणं बोरकरांच्या मुठीत फिरलं. पुन्हा धरायला लावलं, पुन्हा फिरवलं. चार वेळा. सत्तरीचा निवृत्त इंजिनिअर परक्या बाईच्या घरात लाटण्याचं टोक धरून बसलेला. बोरकरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वहिनी मात्र डोळे मिटून होत्या, कुठल्या क्षणी पकड सुटते ते बोटांनी ऐकत असल्यासारख्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी या."

पुढच्या गुरुवारी बोरकर रिकाम्या हाताने गेले नाहीत. त्यांनी आलेखाच्या कागदावर काठी आखून नेली होती. साडेसहा फूट, सात कड्या, दोन कड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, मिलिमीटरपर्यंत. जन्मभर रुळांखाली स्लीपर टाकलेल्या माणसाला अंतर सारखं नसलं की रात्री झोप येत नाही. वहिनींनी कागद नीट पाहिला. कागदाप्रमाणे सातही कड्या चिकटपट्टीने काठीवर बसवल्या, तंगूस ओवली, टोकाला दोन किलो साबुदाण्याची पिशवी बांधली आणि काठीचा दांडा टेबलाच्या कडेला दाबून धरला.

"बघा."

काठी वाकली. बुडाकडे वाकलीच नाही, शेंड्याकडे मात्र धनुष्य झाली. आणि तिथे, शेवटच्या कड्यांच्या मध्ये, तंगूस काठीच्या अंगाला घासत एका बाजूने खाली उतरली होती.

"मोजमापात चूक नाही हो माझी," बोरकर म्हणाले.

"मापात नाहीच. पण रूळ वाकत नाही साहेब, ही वाकते. जिथं जास्त वाकते तिथं कड्या जवळ जवळ पाहिजेत." त्यांनी एक कडी नखाने सरकवली, मग दुसरी. "सतारीचे पडदे बघितलेत ना? वर लांब लांब, खाली उतरत जाल तसे जवळ जवळ. वडील म्हणायचे, आधी सैल बांध, ऐक, मग आवळ. इथं ऐकायच्या जागी बघायचं, एवढाच फरक."

त्यांनी आणखी एक कडी वाढवली. बुडाकडच्या कड्या थोड्या मोठ्या ठेवल्या, शेंड्याकडे बारीक, नखाएवढ्या. बोरकरांनी घाबरत घाबरत विचारलं की शेंड्यालाही दणकट कड्या लावल्या तर बरं नाही का. वहिनींनी त्यांच्या हातात काठी दिली, शेंड्याला एक मोठी कडी अडकवली आणि झुलवायला सांगितली. काठी जड झाली, सुस्तावली. कडी काढली, काठी जागी झाली. "शेंड्याला वजन नको. फक्त दोरीच्या जोडाची गाठ अडकणार नाही एवढं भोक पाहिजे. तुमची गाठ दाखवा." त्यांनी बोरकरांनी बांधलेली गाठ प्रत्येक कडीतून दहा-दहा वेळा ओढून पाहिली, आणि एक कडी नापास करून वाटीत परत टाकली.

आता साबुदाण्याची पिशवी लटकली तरी तंगूस कुठेच काठीला शिवत नव्हती. वाकलेल्या काठीबरोबर तीही सुरेख वळत गेली होती. "आता तुम्ही धरा," वहिनी म्हणाल्या. "डाव्या हातानं."

बोरकरांनी धरली. क्षणभर राहिली. मग काठी त्यांच्या मुठीत गर्रकन फिरली, कड्या खाली गेल्या, आणि पिशवी फरशीवर आपटून फुटली.

साबुदाणा घरभर झाला. वहिनी वाकून गोळा करायला लागल्या. बोरकरही गुडघ्यावर बसले, उजव्या हाताने दाणे वेचायला लागले. डावा हात त्यांनी पाठीमागे लपवला होता, ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनींच्या आलं.

"लपवताय कशाला? त्यानं काय चोरी केलीय?"

बोरकर उठले. "राहू द्या वहिनी. उगाच तुम्हाला त्रास. माझंच वय झालं. तो तलावावरचा माणूस खरं बोलला."

"काय बोलला?"

त्यांनी सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, काठी पाण्यात गेली तेही, आणि एकच मरळ हवी आहे तेही. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण फार बोललो. वहिनींनी शेवटचे दाणे ताटात झटकले.

"बसा. चहा ठेवते. आणि त्या माणसाला सांगा, आराम मेल्यावर भरपूर आहे."

तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. लखनौत धुकं असं की समोरची स्कूटर दिसत नव्हती. बोरकर धरून चालले की बाईंनी नाद सोडला. फोन करून विचारावं तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी विचारलंच नाही. संक्रांतीनंतर एका दुपारी फोन आला. "या."

टेबलावरची काठी पाहून बोरकरांनी चष्मा पुसला. कड्या तिरक्या लागल्या होत्या. रिळाजवळची पहिली वर, दुसरी थोडी उजवीकडे कललेली, तिसरी जवळजवळ कुशीवर, चौथी खाली, आणि तिथून शेंड्यापर्यंत सगळ्या काठीच्या पोटाखाली. एखाद्या नवशिक्याने झोपेत बांधल्यासारख्या. त्यांना वाटलं, वहिनींची दृष्टी गेली की काय.

"वहिनी... छान आहे. पण थोडं... म्हणजे एका रेषेत..."

"बोला की, वाकडं दिसतंय म्हणून."

"वाकडं नाही. जरासं."

"वाकडंच आहे." त्यांनी पिशवी बांधली, या वेळी तांदळाची आणि दुहेरी. "साहेब, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला मान सांभाळावी लागते का नाही? आणि हातातली बादली? ती आपली आपण सरळ लटकते. तुमच्या काठीनं सगळं ओझं डोक्यावर घेतलं होतं. जरा ताण आला की ते खाली यायला बघणार. तुमचा हात बिचारा ते अडवत बसायचा. मी म्हटलं, ह्या दोरीला खालीच जायचंय ना? मग जाऊ दे की. सुरुवातीलाच जाऊ दे, हळूहळू."

"हे तुम्हाला सुचलं?"

"अर्धं सुचलं. अर्धं यूट्यूबवर एका गोऱ्या माणसाचं बघितलं. काय बोलत होता कळलं नाही. हात कळले."

बोरकर कड्यांकडे पुन्हा पाहत राहिले. वरून कुशीवर, कुशीवरून खाली. एकदम वळण नाही, दर कडीला थोडं थोडं. मग त्यांच्या आत काहीतरी ओळखीचं हललं. "वहिनी, हे तर आम्ही करतो! सरळ रूळ एकदम वळवत नाही. मध्ये एक तुकडा टाकतो, थोडा थोडा वळत जाणारा. ट्रान्झिशन म्हणतो आम्ही त्याला. नाहीतर गाडीला हिसका बसतो." त्यांनी उत्साहाने काठीवर बोट ठेवलं. "ही तिसरी कडी आणखी दोन बोटं पुढे घ्या. इथे वळण जरा घाईचं आहे."

वहिनींनी सरकवली. तंगूस ओढून पाहिली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "रेल्वे कामाला आली."

मग बोरकरांनी डाव्या हातात काठी घेतली. तांदळाची पिशवी लटकली. काठी वाकली. मनगटाला ओढ लागली, पण फिरवणारी ओढ नव्हती, नुसती खाली नेणारी. त्यांनी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. वहिनी समोर उभ्या होत्या, पडणारी पिशवी झेलायला दोन्ही हात पुढे करून. झेलायची वेळ आली नाही.

त्यानंतरच्या भेटी बांधणीच्या होत्या. कडीच्या पायांना कानशीने धार काढून पातळ करायचं, म्हणजे दोरा त्यांच्यावर चढताना अडत नाही. मग दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसाएवढीही फट नाही, आणि शेवटचं टोक वेढ्यांच्याच खाली ओढून घ्यायचं, म्हणजे गाठ दिसतच नाही. वहिनींनी दोऱ्याचा रंग विचारला. बोरकर म्हणाले, काळा. त्यांनी डाळिंबी लावला.

सगळ्यात शेवटी वर चकचकीत लेप. तो वाळेपर्यंत काठी सतत फिरवत राहावी लागते, नाहीतर लेप ओघळून एका बाजूला गोळा होतो. "मला भाजी करायचीय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही फिरवा. डाव्या हातानं फिरवा, उजवा चहाला मोकळा राहील."

बोरकर ठोकळ्यांपाशी बसून दोन दुपारी काठी फिरवत राहिले. अंगठा आणि दोन बोटं, हळूहळू, एक पाव फेरा, थांबायचं, पुन्हा पाव फेरा. आतून फोडणीचा वास यायचा, कधी वहिनींचा आवाज, "थांबलात का?" "नाही, नाही." त्यांना वाटत होतं, आपण वहिनींना मदत करतोय. फिजिओथेरपीच्या बाईंनी आठ दिवसांनी विचारलं, अंगठ्यात एकदम एवढी ताकद कुठून आली, तेव्हाही त्यांच्या लक्षात आलं नाही. घरी परतताना ऑटोत आलं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "क्या हुआ बाबूजी, तबीयत?" ते "कुछ नहीं" म्हणाले आणि बाहेर पाहत राहिले.

काठी घरी आणली त्या दिवशी दारात उभं राहून त्यांना सांगायचं होतं की वहिनी, पहिल्यांदा पाण्यावर नेईन तेव्हा तुम्ही या. वाक्य त्यांनी जिन्यावर दोनदा जुळवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "सांभाळून न्या, शेंडा दाराला आपटेल," आणि ते "हो" म्हणून खाली उतरले.

चैत्रातल्या एका सकाळी ऋताने त्यांना तलावावर नेलं. ऊन कोवळं होतं. राखणदाराने काठीवरच्या कड्या पाहून तोंडावर हात ठेवला. "बाबूजी, ये तो टेढ़ी बनी है."

"टेढ़ी ही चाहिए थी," ऋता म्हणाली.

बारावी की तेरावी फेक असेल. बेडूक पानांच्या फटीतून सरकत होता. पाणी फुगलं, फुटलं, आणि बेडूक दिसेनासा झाला. बोरकरांनी काठी डाव्या हातात घेतली आणि मागे झुकले. काठी मुळापर्यंत वाकली. मरळ पानांखाली शिरायला बघत होती. ऋता दोन पावलं पुढे आली. "पापा, पकड़ूँ?"

"नको!"

ते इतक्या जोरात ओरडले की राखणदार उभा राहिला. डाव्या हाताची बोटं उघडायला बघत होती, आणि उघडलीही थोडी, पण काठी होती तशीच राहिली, पोट खाली करून, बादलीसारखी सरळ. त्यांनी बोटं पुन्हा मिटली. उजव्या हाताने एक फेरा. पुन्हा एक. किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. मग मरळ काठाच्या चिखलात आडवी झाली, काळी, ठिपक्यांची, तोंड उघडझाप करत. त्यांनी गळ काढला, डाव्या तळव्यावर तिला पाण्यात तोलून धरलं, आणि सोडून दिलं.

हात पुसायच्या आधीच त्यांनी फोन लावला.

"वहिनी, बोरकर बोलतोय."

"बोला. कुठनं बोलताय? वारा येतोय आवाजात."

"तलावावरून."

"फिरली का हातात?"

"नाही. अजिबात नाही."

"तंगूस घासली कुठं?"

"कुठेच नाही."

"लागला का मासा?"

"लागला. मीच आणला. ऋताने हात नाही लावला."

"केवढा होता?"

"दोन किलोचा असेल. सोडून दिला."

"अगं बाई! सोडलात? मग माझा साबुदाणा फुकटच सांडला म्हणायचा."

बोरकर हसले. ऋताने वळून पाहिलं. "वहिनी," ते म्हणाले, "मी म्हणत होतो, तुम्ही एकदा इकडे..."

पलीकडे बेल वाजली. "एक मिनिट हं. आयी भैया, रुको! साहेब, दूधवाला आलाय, पातेलं घासलेलं नाही अजून. ठेवते."

"हो हो, ठेवा."